नकाशात नसलेला ओढा

उपकेंद्राच्या पायरीवर सांडलेल्या पाण्याला वळसा घालून मुंग्या चालल्या होत्या. मी कौतुकाने बघत बसलो, कारण तालुक्यातल्या या आरोग्य उपकेंद्रांच्या जागा मी मुंग्यांवरूनच ठरवल्या होत्या. त्या जवळची वाट कशी शोधतात, त्याची नक्कल करणारं गणित संगणकावर मांडलं होतं. ही जागा सगळ्या वाड्यांना जवळ, असं उत्तर आलं होतं.

शेजारी एक बाई तापाने फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

"ओढ्यातनं आलात?" मी विचारलं.

"दुसरी वाट कुठंय? आधी दवाखाना आमच्या अंगाला होता. हितं कुणी आणला, देव जाणे."

माझ्या नकाशात ओढा नव्हताच. मुंगी निदान वाट स्वतः चालून बघते. मी जीपमधून आलो होतो, तोही आज पहिल्यांदाच. मान खाली गेली ती वर होईना.

बाईने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तोंड उतरलंय तुमचं, साहेब. बरं नाही का? माझा नंबर घ्या, तुम्ही जावा आधी आत."

मी मानेनेच नको म्हटलं. जागा मीच ठरवली, एवढंही माझ्याच्याने तिला सांगवलं नाही.