त्यांनी कापलेली दोन कडवी

खुर्ची मांडली होती, पण बसायला नाही. खुर्चीवर शाल, नारळ आणि गुलाबाचं एक फूल ठेवलं होतं. चार पावलांवर खडूनं गोल काढला होता आणि मी त्या गोलात उभी होते. सोसायटीचे चेअरमन माईकवर म्हणाले, "आता आपल्या घंटागाडीच्या ताई पुढे येतील, आपला सत्कार स्वतः उचलतील आणि परत गोलात जातील." टाळ्या पडल्या. मी गेले, उचलला, परत आले. माझ्यानंतर त्याच सोसायटीतल्या डॉक्टरांचा सत्कार झाला. चेअरमननी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, दोन्ही हातांनी हात धरला, खांद्याला खांदा लावून फोटो काढला. डॉक्टर दिवसभर कोरोनाच्याच पेशंटमध्ये असायचे. पण रोग त्यांच्याकडून लागत नव्हता. खडू फक्त माझ्यापुरता होता.

लॉकडाऊनचं पहिलं वर्ष. गंगापूर रोडवरची ही सोसायटी. मी गाडीच्या मागे कचरा घ्यायचे, गाडी चालवायचा लक्ष्मणभाऊ, सुरगाण्याकडचा. सत्काराच्या वेळी मागे स्पीकरवर गाणं चालू होतं. त्या गाण्यात आम्ही योद्धे होतो, देवदूत होतो, अजून काय काय होतो.

लोकांच्या मनात काय चाललंय ते पेपरात शोधू नका. घंटागाडीवर कुठलं गाणं लागतंय ते ऐका. रोगाच्या आधी आमच्या गाडीवर ओला कचरा, सुका कचरा असं एक उडतं गाणं होतं. पोरं नाचायची, बाया नाक धरायच्या. रोग आला तसं गाणं घाबरलं. हात धुवा, घरात बसा, जवळ येऊ नका. मग यांच्या लक्षात आलं की चार दिवस गाडी आली नाही तर घर नासतं. लगेच आम्ही देवदूत. दुसरी लाट आली, त्यांच्याच सोसायटीतून माणसं जायला लागली, तेव्हा सगळी गाणी बंद पडली. आणि रोग ओसरल्यावर पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, "ए घंटागाडी! थांब की जरा!" माणसाला गाडीच्या नावानं हाक. देवदूताची मुदत संपली होती.

गाणं मला बाहेरून शिकावं लागलं नाही. माझा बाप गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला रात्र रात्र कार्यक्रम असायचे, मी आठवीपासून कोरसमध्ये. आमच्याकडे रीत आहे, गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. त्याला छाप म्हणतात. गाणारा कुणीही असो, छाप म्हटल्याशिवाय खाली बसायचं नाही.

लॉकडाऊनमध्ये मीही एक गाणं रचलं. कचरा उचलता उचलता. चार कडवी. पहिलं असं होतं:

बंद झाली दारं सारी, बंद झाली गल्ली
घंटा वाजवीत तरी गाडी माझी आली

दुसरं कामाचं. तिसरं त्यांचं:

वरून उधळता फुलं, वरून ओतता पाणी
रोग कालचा नवा, तुमची रीत जुनीपुराणी

हे मनानं रचलेलं नाही. बाल्कनीतून फुलं टाकणाऱ्या बाईकडे मी त्याच दिवशी पाणी मागितलं होतं. ती खाली आली आणि म्हणाली, "ओंजळ धर. बाटलीला हात लावू नकोस." लक्ष्मणभाऊ गाडीतून म्हणाला, "ताई, नको पिऊ. चल, पुढं जाऊ." मी प्यायले. तहान लागली होती.

चौथं कडवं छापेचं. माझं नाव त्यात आहे. इथे लिहीत नाही. ऐकायचं असेल तर आमच्या वस्तीत या.

एके सकाळी सोसायटीतल्या मॅडमनी ते ऐकलं. त्या भावगीतांचे क्लास घेतात. "म्हण ना गं," म्हणाल्या आणि वरून मोबाईल धरला. मी दोन कडवी म्हटली आणि थांबले. तो व्हिडिओ नाशिकभर फिरला, आमच्या वस्तीतही आला. बापानं तो कानाशी धरून ऐकला आणि विचारलं, "छाप कुठंय?"

"गाडी हलली," मी म्हटलं.

"छाप न घेता गाणं सोडलंस? आता ते बेवारस झालं, पोरी. कुणी बी उचलंल."

गाडी हलली नव्हती. त्यांच्याच बाल्कनीखाली उभं राहून तिसरं कडवं म्हणायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि तिसरं गिळल्यावर चौथं म्हणायला तोंड राहिलं नाही. बापाशी खोटं बोलले. त्याची लाज मला अजून वाटते.

बापाचं म्हणणं गेल्या वर्षी खरं झालं. सोसायटीचा वर्धापनदिन होता, त्यात कोरोनाच्या आठवणींचा कार्यक्रम. मॅडमनी मला फोन करून बोलावलं. "तुझ्या आवाजात गोडवा आहे गं. तुमच्यात असतोच. ते केशरी जॅकेट घालूनच ये, रिअल वाटेल." मी हुरळले. हो म्हटलं. मंचामागे त्यांनी हातात छापील कागद दिला. त्यावर माझी दोन कडवी. वर लिहिलं होतं, 'लोकगीत'. खाली लिहिलं होतं, 'संकलन', आणि पुढे मॅडमचं नाव.

"मॅडम, चार कडवी आहेत. शेवटी माझं नाव आहे." उरलेली दोन मी तिथंच हळू आवाजात म्हणून दाखवली.

"अगं, हे लोकगीत आहे. लोकगीताला कवी नसतो."

"मी रचलंय. तुमच्या गेटवर रचलंय."

"तेच म्हणते मी. म्हणजे लोकांतून आलेलं." त्या हसल्या. "आणि ते तिसरं कडवं थोडं कडू आहे. आज आनंदाचा दिवस आहे ना?"

मला त्यांची कीव आली नाही. किळस आली. रोज त्यांच्या घरातलं कुजलेलं उचलते, तेव्हाही इतकी आली नव्हती.

"चारही म्हणेन. नाहीतर एकही नाही."

"कलाकाराला इतका अहंकार बरा नाही हं," म्हणून त्या मंचावर गेल्या. त्यांना माझी गरजच नव्हती. त्यांनी मोबाईल स्पीकरला जोडला. माझा आवाज, माझी दोन कडवी, आणि मी जॅकेट घालून बाजूला उभी. लोक मान डोलावत होते. दुसरं कडवं संपलं, टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्या तशी मी तिसरं सुरू केलं. माईक नव्हता. वरून उधळता फुलं. पहिल्या रांगेत ती ओंजळीवाली बाई होती, ती नवऱ्याकडे बघायला लागली. चेअरमन उठले. "बस, बस. झालं आता." मी चौथं म्हटलं. नाव घेतलं, वस्तीचं घेतलं, बापाचं घेतलं. कुणी टाळी वाजवली नाही. वाजवली असती तर मला वाईट वाटलं असतं.

चौथ्या दिवशी ठेकेदारानं माझा रूट बदलला. सोसायटीची तक्रार होती, बाई उद्धट आहे. लक्ष्मणभाऊ म्हणाला, "नाय म्हणायचं होतं तं फोनवर म्हणायचं ना, ताई." त्याचं खरं आहे. पण फोनवर मी हुरळले होते.

आता पार्टीत मी गाते तेव्हा छाप आधी घेते. पहिल्याच ओळीत नाव. म्हातारे गायक चिडतात, रीत मोडली म्हणतात. मोडली. मोबाईल धरणारा दोन कडव्यांनंतर हात खाली घेतो हे त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. संकट पुन्हा येईल, त्या सोसायट्यांना पुन्हा आमचं कौतुक सुचेल, पुन्हा गाणं हवं असेल. कचरा उचलीन, ते माझं काम आहे. गाणं देणार नाही.