बिनडागाची घोडी

सखारामने घोडी टांग्यातून सोडून तशीच जनावरांच्या दवाखान्यात चालवत आणली होती. पुढचा उजवा पाय ती टेकवत नव्हती. गुडघ्याखाली, पायाच्या मागच्या बाजूला केळं चिकटवावं तसा फुगवटा आला होता. हाताला चटका बसेल इतका गरम.

"मुरगाळला असंल, साहेब."

मुरगळला नव्हता. कंडरा फाटली होती. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. सुंभाच्या दोरीसारखे तिच्यात असंख्य धागे असतात. ते तुटले की जुळतात, पण फार सावकाश. आणि त्यात एक फसगत असते. सूज उतरते, दुखणं थांबतं, घोडा नीट चालायला लागतो, पण आतला दोर अजून कच्चाच असतो. तेव्हा जुंपला तर पुन्हा तुटतो. दुसऱ्यांदा तुटलेला सहसा जुळत नाही.

हे मी सखारामला नीट सांगितलं. लोणावळ्यात तेव्हा रिक्षा नव्हत्या. स्टेशनबाहेर टांग्यांचा स्टँड होता आणि वलवणच्या सखारामचं घर या एका घोडीवर चालायचं.

"पावसाळा सरेपर्यंत टांगा बंद," मी म्हणालो.

"व्हय. मग डाग द्या."

डाग म्हणजे तापलेल्या लोखंडाने पायावर रेघा ओढणं. जुने डॉक्टरही द्यायचे. मी नुकताच कॉलेजातून आलो होतो. त्याने कंडरा जुळत नाही, जनावर मात्र भाजतं, हे मी शिकलो होतो.

"डाग नाही. गार पाणी, बँडेज आणि विश्रांती."

सखाराम रोज सकाळी घोडी ओढ्यात उभी करायचा. बँडेज सांगितल्याप्रमाणे बांधायचा. सूज उतरली. केस पुस्तकातल्यासारखी चालली होती, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

मग तो पुन्हा आला. एकटाच.

"साहेब, वरवर का व्हईना, डाग द्याच."

"घोडी तर सुधारतेय. आता कशाला?"

"तीच तर पंचाईत हाय. डागाच्या घोड्याची स्टँडवर रीत हाय. डाग दिसला की बाकीचे रोज एक फेरी त्याच्या मालकाच्या नावानं मारत्यात, भाडं त्याला देत्यात. चूल पेटती. आता स्टँडचे आबा म्हनत्यात, डाग कुटंय? घोडी तर नवरीवानी चालती."

"सरकारी डॉक्टरने सांगितलंय म्हणावं."

"सांगितलं की. म्हनले, डाक्टर बसून पगार घेतो, त्याला वाटतं समद्यांनीच बसावं."

मला राग आला. स्टँड माझ्या घराच्या वाटेवर होता. थांबून आबांशी दोन शब्द बोललो असतो तर भागलं असतं. पण टांगेवाल्यांपुढे जाऊन विनवणी करणं मला कमीपणाचं वाटलं. सखारामला मी विज्ञान समजावलं आणि परत पाठवलं.

मे महिन्यात, मुंबईकरांची गर्दी असताना, घोडी स्टेशनबाहेर जुंपलेली दिसली. मागे ट्रंका घेऊन एक कुटुंब बसलं होतं.

"बाजारापतूरच, साहेब," सखाराम माझ्याकडे न बघता म्हणाला.

पोरं उपाशी आहेत, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. "उद्या दाखवायला आण," एवढं म्हणून मी पुढे गेलो.

दुपारी मला वलवणच्या चढावर बोलावलं. घोडी रस्त्याच्या कडेला उभी होती. कंडरा पुन्हा तुटली होती आणि खुरावरचा सांधा जमिनीला टेकला होता. कायमचं झोपवायचं इंजेक्शन देण्याशिवाय काही उरलं नव्हतं. सखारामने तिचं डोकं शेवटपर्यंत धरून ठेवलं.

आबाही आले होते. "डाग असता तर फेरी दिली असती की आमी," ते म्हणाले. "आमी काय माणसं न्हाई?"

मी बॅग बंद केली.

नंतर अशी केस आली की मी गुडघ्यापासून खुरापर्यंत जाड बँडेज बांधायचो आणि त्यावर जखमेला लावायचं जांभळं औषध ओतायचो. पहिल्या वेळी घोड्याबरोबर स्वतः स्टँडवर गेलो. आबांनी वाकून पाहिलं. "हा डाक्टरचा डाग म्हनायचा," ते म्हणाले, आणि त्या मालकाची फेरी सुरू झाली.

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी विचारलं, "या रंगाने कंडरा जुळते?"

"नाही सर. टांगा थांबतो."

सखाराम तोवर सडकेवर खडी फोडायला लागला होता. ती जांभळी बाटली मात्र दवाखान्यात आधीपासूनच होती. त्याने घोडी आणली त्या दिवशीही समोरच्या फळीवरच होती.