लिंबाच्या सालींचा कॅन

आम्ही निघोजेत राहतो, एका ओळीत बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये, वरच्या मजल्यावर. संडास-बाथरूम सामाईक, आमच्या दाराला लागूनच. दर रविवारी एकेका घराचा ते धुण्याचा नंबर असतो. धुतलं की नाही, हे कोणी आत जाऊन पाहत नाही. पॅसेजमध्ये ॲसिडचा आणि फिनेलचा वास सुटला की नंबर झाला. नाही सुटला, तर खाली मालकीण काकूंच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत त्याची चर्चा चालते.

माझ्या वडिलांना, अप्पांना, हाच वास सोसत नाही. चाकणला धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका छोट्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं ॲसिडच्या टाक्यांजवळ गेली. आता श्वास अर्ध्यात अडकतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, पण उग्र वासापासून त्यांना लांब ठेवा. लांब म्हणजे कुठे? आमची एकच खोली, आणि तिला एकच दार.

घरात पदवी घेतलेली मी पहिली. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, तळवड्याला नोकरी लागली. वाटलं, उग्र वास नसलेलं सफाईचं पाणी घरी बनवणं, एवढं तरी आपल्याला जमेल. रसवंतीवाल्या भाऊंकडून लिंबाच्या पिळलेल्या साली आणल्या आणि गूळ-पाणी घालून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवल्या. आत गॅस धरतो, म्हणून सुरुवातीला रोज झाकण सैल करावं लागतं. ते काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं. झाकण फुस्स झालं की आईला म्हणायचे, "बघ, माझ्यापेक्षा ह्याचा दम चांगला आहे."

काही महिन्यांनी पाणी गाळलं. त्यात रिठे उकळून काढलेला फेस मिसळला. आमच्या नंबरला मी आणि आईने काथ्याने घासघासून सगळं धुतलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काही पूर्ण गेले नाहीत, पण फरशी स्वच्छ निघाली. अप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. रविवारी दार उघडं ठेवून ते बसलेत, असं कितीतरी दिवसांनी घडत होतं.

तेवढ्यात काकू वर आल्या.

"आज कुनाचा नंबर व्हता गं?"

"आमचा, काकू. धुतलं की."

"धुतलं? मग वास कुटं हाय?"

मी बाटली दाखवली. त्यांनी ती हुंगली. "अगं पोरी, संडास धुयाचाय का त्येचं लोणचं घालायचंय?"

शेजारणी हसल्या, मीही हसले. मग त्यांना अप्पांच्या छातीबद्दल सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. काकूंचा चेहरा उतरला.

"आजारी मानूस हाय व्हय घरात? मग तर जास्त सोच्छ पायजे!"

त्या खाली गेल्या, स्वतःच्या घरातली फिनेलची बाटली घेऊन आल्या आणि आमच्या दारापर्यंत ओतून गेल्या. अप्पांनी खुर्ची आत घेतली.

काकूंवर रागावणं मला जमत नाही. मी कॉलेजात होते तेव्हा अप्पा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. खोलीत पान उलटायचीही चोरी. काकूंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसून अभ्यास करू दिला, समोर न मागता चहा ठेवला. माझ्या पदवीत त्यांचा वाटा आहे. त्यांना पुन्हा पुन्हा कोणत्या तोंडाने सांगायचं?

तरी सांगत राहिले. प्रत्येक घरी बाटली भरून दिली. सगळ्यांनी प्रेमाने घेतली. काहींनी ती खरोखर वापरली, आणि वरून थोडं फिनेल टाकलं.

या पावसाळ्यात अप्पांना दवाखान्यात ठेवावं लागलं. बरं वाटल्यावर रिक्षाने घरी आणलं. उतरलो तेव्हा जिन्याच्या पायथ्यापासूनच वास आला. काकू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मागे ओळीतल्या सगळ्या बायका, साड्या खोचलेल्या, हात ओले.

"सकाळधरनं समद्या लागल्याव भाऊ तुमच्यासाठी. पार दवाखान्यावानी करून टाकलंय बगा!"

भाकरतुकडा ओवाळून होईपर्यंत अप्पा उभे राहिले. मग हात जोडून म्हणाले, "कशाला एवढा त्रास घेतला, ताई." त्यापुढचं वाक्य खोकल्यात गेलं. काकू घाबरून म्हणाल्या, "घरात न्या त्येंना, बाहेरची हवा लागली."

आम्ही त्यांना घरात नेलं. दार लावलं, फटीला ओला टॉवेल लावला, खिडकी उघडली. श्वासाचा पंप तोंडाशी धरून अप्पा कॉटवर बसून राहिले. मी त्यांची पाठ चोळत होते. दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

श्वास जरा खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी आपलाच नंबर ना?"

"हो."

"तुझं पाणीच वापर. चांगलं आहे ते." पंप उशाशी ठेवत म्हणाले, "पण फिनेलची एक बाटली आणून ठेव. जिन्यापाशी शिंपड. एवढं केलंय त्यांनी आपल्यासाठी, वास यायला पाहिजे."