मी जोडलेले संसार

मागच्या महिन्यात मंठ्यातल्या एका मंगल कार्यालयात माझी पंचाहत्तरी झाली. शाल, श्रीफळ आणि भाषणं. एकानं माइकवर सांगितलं, "नानांनी या भागातले कितीक संसार जोडले. नानांच्या बैठकीतून घर उठलं ते जुळूनच उठलं." टाळ्या पडल्या. मी हात जोडून बसून राहिलो. त्याच वेळी उठून माइक हिसकावून घ्यायला हवा होता. तेवढी हिंमत झाली नाही, म्हणून हे लिहितो आहे. मी एकही संसार जोडलेला नाही. मी बायका परत पाठवल्या.

आमचं खत-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक सरकीची पिशवी घेता घेता घरचं बोलायचं, मी दोन शब्द सांगायचो. त्यातून लोक मला नवरा-बायकोची भांडणं मिटवायला नेऊ लागले. मंठा, तीर्थपुरी, वडीगोद्री, कुठंही. बैठकीची रीत ठरलेली असायची. सतरंजीवर दोन्हीकडचे पुरुष, कोपऱ्यात मान खाली घातलेला नवरा. बायको आत स्वयंपाकघरात, बहुतेक वेळा आमच्याच चहाचं आधण ठेवत. एकमेकांच्या सात पिढ्या काढून झाल्या की मी हात वर करायचो आणि मुलीला उंबऱ्यापाशी बोलवायचो. तिला एवढंच विचारायचं: "बाई, नांदायचं का न्हाई?"

खोलीभर पुरुषांसमोर, बापाची पडलेली मान बघत, कोणती पोरगी "न्हाई" म्हणेल? ती "हो" म्हणायची. मी म्हणायचो, "झालं, मिटलं." चहा यायचा. भांडण मुळात कशाचं होतं, हे कित्येकदा मला ठाऊकही नसायचं. ते विचारावं असंही कधी वाटलं नाही.

वडीगोद्रीच्या एका लेकीला मी असंच परत पाठवलं. तिचा नवरा मारायचा. हे मला माहीत होतं असं नाही, आणि माहीत नव्हतं असंही नाही. तिच्या एका हातात बांगड्या होत्या, दुसरा हात पदरात गुंडाळलेला होता. मी तो पदर बघितला आणि नेहमीचंच विचारलं. कितीतरी वर्षांनी हायवेवर तिच्या भज्यांच्या गाड्यापाशी थांबलो, तेव्हा तिनं मला ओळखलं. प्लेट पुढं करत म्हणाली, "नाना, तुम्ही नांद म्हणले, मी नांदले. मंग तो मेला. आता बरं है." आणि हसली. माझ्याबरोबरच्या माणसानं हा किस्सा माझं कौतुक म्हणून गावभर सांगितला. कौतुक! त्या बाईनं भर रस्त्यात माझ्या तोंडात मारली होती आणि आम्ही दोघं भजी खाऊन निघालो.

आता माझ्या घरचं सांगतो. माझा मुलगा जालन्यात एका स्टीलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघतो. सून तिथंच एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते. लग्न झालं तेव्हा मी मुलाला बजावलं होतं, "रोज संध्याकाळी फोन करायचा. मनात काही ठेवायचं न्हाई." मी याला जिव्हाळा समजत होतो. तो रोज सगळं सांगायचा. ती उशिरा आली, ती रुसली, ती माहेरी बोलली. मी सल्ला द्यायचो, त्याची आई सल्ला द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी तो सल्ला सुनेला नवऱ्याच्या तोंडून ऐकावा लागायचा. ती चिडली की तो अबोला धरायचा. अबोला फक्त तिच्याशी. आमच्याशी तासभर बोलणं चालायचं.

शेवटी एक दिवस तिनं मलाच फोन केला. "मामा, जालन्यात एक समुपदेशक बाई हैत. नवरा-बायकोचं बघतात. आम्ही दोघं जाऊन येऊ का?"

"घरातलं परक्या बाईपुढं मांडायचं? मी मेलो का काय?"

"तुम्ही हैत, म्हणूनच तर विचारून राह्यले."

या टोमण्याचा मला असा राग आला की मी आठवड्याच्या आत माझ्याच घरी बैठक बोलावली. व्याही आले, तिचे चुलते आले, माझे नेहमीचे सोबती आले. सगळं रीतसर झालं आणि मी तिला उंबऱ्यापाशी बोलावून विचारलं, "नांदायचं का न्हाई?"

ती म्हणाली, "नांदायचं की मामा. पण कुणासंगं? यांच्या एकट्यासंगं, का ह्या अख्ख्या सतरंजीसंगं?"

कुणीतरी फिसकन हसलं. तिचा चुलता ओरडला, "पोरीची जीभ लई चालायला लागली." मी तिला आत जायला सांगितलं. मुलगा माझ्याकडं बघत होता. आता आपण काय बोलायचं, हे बाप सांगेल म्हणून वाट बघत होता. तिशी ओलांडलेला माणूस! त्याला तसा मीच केला होता. सून आत गेली नाही. चपला घालून बाहेर पडली आणि बापाबरोबर माहेरी गेली.

पुढं बरेच महिने ती माहेरूनच कामाला जात होती. मग एका रविवारी मुलगा आला. वाळला होता. चहाचा कप हातात धरून म्हणाला, "बाबा, मी तिच्यासंगं त्या बाईंकडं जाऊन राह्यलो. दोनदा गेल्तो."

"कुणाला विचारून?"

"तिला."

कप खाली ठेवून म्हणाला, "आन् आता रोज फोन करणार न्हाई. तिथलं बोलणं मंठ्याला आणायचं न्हाई, असं ठरलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी जालना गाठलं. त्या बाईंची खोली लहानशी होती. त्यांनी पाणी पुढं केलं.

"पाणी नको. माझा पोरगा तुमच्यापुढं काय बोलला ते सांगा. मी बाप है त्याचा."

"बराबर है काका. पण ते मी सांगणार न्हाई."

"मंग निदान जोडून तरी देणार का?"

"ते माझ्या हातात न्हाई. एकमेकांचं ऐकायला शिकले तर राहतील. ऐकूनही राहायचं नसंल, तर भांडणाशिवाय वेगळे होतील. मी आधी दोघांना वेगवेगळं बसवून बोलले. मारहाण असती, तर एका खोलीत बसवलंच नसतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज सांगितलं, त्यांच्या कामाची रीत म्हणून. मला तो पदर आठवला. आणि आठवला म्हणूनच मी जास्त जोरात ओरडलो, "घरं फोडायचा धंदा मांडलाय तुम्ही!" मी जिना उतरलो.

मंठ्याला येऊन दुकानावर बसून 'ती बाई घरं फोडती' हेच मी येईल त्याला सांगितलं. खरा गुन्हा हा आहे. बैठका मी अडाणीपणानं केल्या असं कुणी म्हणेल. हे मात्र मी जाणूनबुजून केलं. त्या बाईंनी काय सांगितलं ते मी ऐकलं होतं, त्यांचं बरोबर आहे हे मला कळलं होतं, तरी मी त्यांची बदनामी केली. माझा शब्द मानून तिकडं न गेलेली जोडपी मला माहीत आहेत. त्यांच्यातली एक मुलगी रस्त्यात भेटली की नमस्कार करते. तिनं नमस्कार करू नये, एवढंच मला वाटतं.

त्या खोलीत काय झालं, ते सुनेला सांगावंसं वाटलं तेव्हा तिनंच सांगितलं. नियम असा होता की एकानं बोलायचं. दुसऱ्यानं उत्तर द्यायच्या आधी, समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं. समोरच्यानं "बराबर" म्हटलं, तरच पुढं आपलं बोलायचं.

"हे आधी म्हणले, 'ती म्हणते, तिला माझी आई नको.' मी म्हणले, हे मी बोललेच न्हाई. मंग म्हणले, 'ती म्हणते, मी तिच्या मुठीत राहावं.' मी म्हणले, हे बी माझं न्हाई. हे मामांचं है."

ते माझंच होतं. "बायको मुठीत ठेवायला बघती तुला," हे मी फोनवर किती वेळा म्हणालो असेन!

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! लई चकरा झाल्यावर म्हणले, 'ती म्हणते, मी आधी तिला सांगावं.' मी म्हणले, बराबर. एवढ्याशा वाक्याला तुमच्या पोरानं मला पार दमवलं, मामा." ती हसली. सासूही हसली. मला हसू आलं नाही. बैठकीत आयुष्य घातलं, पण बाई काय म्हणते ते परत बोलून दाखव, असं मी कुठल्याही नवऱ्याला सांगितलं नव्हतं. स्वतः तर कधी केलंच नव्हतं.

ते दोघं आता एकत्र राहतात. माझे जुने सोबती अजून दुकानावर येऊन बोलतात. परवा एक म्हणाला, "नाना, त्या बाईनं पोरगा तोडला की तुमच्यापासून. फोन बी बंद केला म्हणं त्यानं."

"तोडला," मी म्हणालो. "म्हणून बायकोशी जुळला. तुमचा बी तोडा. तुमची सून अजून माहेरीच है ना?"

तो उठून गेला. जाऊ दे. असे अजून पुष्कळ उठून गेले तरी चालतील.

दिवाळीत दोघं आले होते. दुपारी आतल्या खोलीतून आवाज चढले. तिला संभाजीनगरच्या मोठ्या लॅबमध्ये नोकरी मिळत होती. त्याला जालना सोडायचं नव्हतं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी सवयीनं उठलो आणि दारापर्यंत गेलो. "हे बघा, दोघांनी जरा" एवढंच बोललो असेन.

मुलगा दाराशी आला. "बाबा, आमचं चालू है." आणि त्यानं दार लावलं. धाडकन नाही, नीट लावलं.

मी परत येऊन बसलो. आवाज बराच वेळ चालू राहिले. कधी तिचा, कधी त्याचा. मग थांबले. दोघं बाहेर आले तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि तो तिच्यासाठी पाणी आणायला गेला.

"काय ठरलं गं?" बायकोनं विचारलं.

"ठरलं की सांगू, आत्या."

मला राग आला. खरंच आला, कानशिलं तापली. मी काही विचारलं नाही.