एकाला दिलेली मुभा

तो शब्द मी इथे लिहिणार नाही. लिहिला तर तुम्ही तो मनातल्या मनात वाचाल, आणि तुम्हाला वाचायला कुणी सांगितला होता म्हणून मीच चिडेन. माझा स्वभावच तसा आहे. आमच्या जातीचं जुनं नाव, एवढं सांगितलं तरी पुरे. नाव जातीचं, वापर शिवीचा. माझे वडील त्याच हाकेला 'जी' म्हणत मोठे झाले. गावात त्यांना स्वतःचं वेगळं नाव आहे हे बहुधा फक्त माझ्या आजीला ठाऊक होतं. पुढे गाव सोडून ते धुळ्याला आले, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले आणि घरात तो शब्द बंद केला. धाकट्या भावानं एकदा खेळता खेळता उच्चारला, तर त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की शेजारी धावत आले. नंतर स्वतःच ओट्यावर रडत बसले.

घरात बंद, पण वस्तीत चालूच. आम्ही पोरं एकमेकांना त्याच नावानं हाका मारायचो. त्यात राग असायचा, लाड असायचा, थोडा माजही असायचा. त्यांचंच हत्यार आपल्या हातात आलं, मग भ्यायचं कुणाला, असं वाटायचं.

अमळनेरला कॉलेजात गेलो तेव्हा माझ्यासोबत खोलीत एक शेतकऱ्याचा मुलगा राहायला आला. गाव जवळचंच. त्याच्या आईचा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा आणि तो स्टँडवरून घेऊन आला की झाकण उघडून आधी माझ्याकडे सरकवायचा. वर्गातली बाकीची मुलं माझ्याशी फार जपून बोलत. 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' हे शब्द सांभाळून टाळत, आणि ते टाळणं मला स्पष्ट ऐकू येई. हा तसा नव्हता. एकदा वस्तीतले माझे मित्र खोलीवर आले, जाईपर्यंत मला त्याच शब्दानं हाका मारत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यानंही मारली. एवढंसं तोंड करून माझ्याकडे पाहत राहिला. मी हसलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. कुणीतरी माझ्याशी न जपता बोललं होतं.

तेव्हापासून मी त्याच्यासाठी तोच. माझं लग्न झालं, नोकरी लागली, केस पिकले, त्याच्या तोंडून माझी हाक बदलली नाही. माझे वडील वारले तेव्हा तिरडीचे बांबू त्यानं आणले, चार दिवस आमच्या घरी राहिला. वडिलांच्या फोटोसमोर मात्र त्यानं तो शब्द कधी काढला नाही. एवढी जाण त्याला होती.

माझी मुलगी पुण्यात शिकते. दिवाळीला आली ती छातीवर तोच शब्द छापलेला टीशर्ट घालून. ठसठशीत अक्षरं, दुरून वाचता येतील अशी. म्हणाली, "बाबा, शिवी त्यांनी दिली होती. आता ते आमचं नाव आहे. ज्याला टोचेल त्याला टोचू दे." मला टोचलं. फोटोतले वडील माझ्याकडे पाहत होते.

कॉलेजातल्या खोलीवरच्या त्या मित्राच्या शेतात दर हिवाळ्यात भरीत पार्टी असते. आमच्या भागात ती चुकवणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर भांडलेला. यंदा पोरीलाही घेऊन ये असा त्याचा हट्ट होता. निघताना तिच्या अंगात तोच टीशर्ट पाहून मी म्हटलं, "थंडी आहे, स्वेटर घाल." ती म्हणाली, "मला नाही वाजत थंडी." मला नेमकं काय म्हणायचं होतं ते तिला कळलं होतं.

शेतात पोहोचलो तर काडक्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, बायका पुऱ्या लाटत होत्या. मित्राची नात, पाचेक वर्षांची, बांधावरून पळत आली. आमच्याकडे पोरं मोठ्यांना घरात ऐकलेल्या नावानं हाक मारतात. कुणी दुकानवाला आबा, कुणी पहूरवाला नाना. ह्या पोरीनं घरात माझ्यासाठी एकच नाव ऐकलं होतं. त्या शब्दाला आबा जोडून ती सगळ्या शेताला ऐकू जाईल अशी ओरडली, '... आबा वना, ... आबा वना', अहिराणीतलं वना म्हणजे आला, आणि येऊन माझ्या गुडघ्यांना मिठी मारली.

पुऱ्या लाटणाऱ्या बायका कौतुकानं हसल्या. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि त्यामुळेच मला चिडताही येईना. ज्या हाकेपासून पळून माझे वडील धुळ्याला आले, ती हाक आबा जोडून माझ्या गुडघ्यांपर्यंत येऊन पोहोचली होती. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मुलीकडे पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर मित्राला विहिरीकडे घेऊन गेलो आणि म्हटलं, "आते हाऊ शब्द नको."

तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहिला. "पोरले कोनी शिकाडं नही रे. ती जे आयकस ते म्हनस."

"तेच तर."

"तुनी पोर छातीवर छापीसन हिंडस, ते चालस. आन मी म्हनं का पाप?"

मला राग आला. त्याच्या घरी श्रावणात कानबाई बसते. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत, शेजारी त्यांच्याच जातीचा असला तरी नाही. मी त्याला म्हटलं, इतकी वर्षं तुझ्या घरी येतो, कधी रोट मागितला का? तुम्हीही कधी दिला नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याची देवी त्याचा रोट. हेही तसंच समज.

तो म्हणाला, "आम्ही रोट घरमा खातस. गावमा मिरवतस नही."

मी विहिरीच्या काठावर बसलो.

"तू मना भाऊ शेस, असं मी समजे," तो म्हणाला. "बरं. आते नही."

परतताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "मुळात तुम्ही त्यांना परवानगी दिलीच का?" मी फाडकन बोललो, "तुला कुणी दिली? तुझ्या आजोबांना विचारलं होतंस?" ती खिडकीकडे तोंड करून बसली. एकाच शब्दावर वडिलांचा, माझा आणि तिचा, तिघांचाही हक्क होता, आणि तिघांना तो वेगवेगळ्या जागी दुखत होता.

त्यानं शब्द पाळला. फोनवर मला 'भाऊसाहेब' म्हणू लागला. 'जेवले का भाऊसाहेब', 'पाऊसपाणी ठीक आहे भाऊसाहेब'. माझ्याशी आयुष्यभर अहिराणीत भांडलेला माणूस कचेरीतल्या मराठीत बोलायला लागला. मला हवं होतं ते मला मिळालं होतं. ते इतकं पोरकं असेल असं वाटलं नव्हतं.

मग तो मोटारसायकलवरून पडला, पायाला प्लॅस्टर घातलं. मी भेटायला गेलो. दारात ती पोरगी खेळत होती. मला पाहून उठली, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घरात तिला दटावलं असणार, हे म्हणायचं नाही म्हणून. त्याऐवजी काय म्हणायचं, ते सांगायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहून हसलो. तिनं फ्रॉकचं टोक तोंडात धरलं, वळली आणि आतल्या खाटेकडे तोंड करून म्हणाली,

"आबा, कोनीतरी वनं शे."