फुकटचा सामना

फुकट टीव्ही बघण्याच्या नादात एका दुपारी माझा एक नारळ, भाच्याचा लॅपटॉप आणि माझा ताठा असं तिन्ही गेलं. टीव्ही मात्र फुकटच बघितला, तेवढं खोटं सांगणार नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. (चौथीचा मास्तर अजून माझी वाट बघत असेल.) पण अक्कल मी समुद्रावर शिकलो. वारा फुकट, पाणी फुकट, मासे फुकट, मग हवेतून येणारं चित्रच तेवढं विकत का? म्हणून शेजारच्या वासूने घरावर टीव्हीची छत्री बसवली, तेव्हा मी भर किनाऱ्यावर चार लोकांत म्हटलं, "पैसे मोजून वारो विकत घेणारो पयलोच येडो बघलंय!"

वासूही काही मुका नाही. "मग तात्यानू, माझ्या खळ्यात टीव्ही बघूक येव नकात!"

"मेलो तरी येवचंय नाय!"

झालं. दोन वर्षं मी त्याच्या अंगणात पाऊल ठेवलं नाही. त्याची कोंबडी आमच्याकडे आली तरी मी ती मधल्या दगडी गडग्यावरूनच पलीकडे फेकत असे.

आणि नेमकी आमची नात सायली मुलींच्या कबड्डीच्या राज्याच्या अंतिम सामन्यात पोचली! मुलगा आणि सून तिच्यासोबत गेलेले. आदल्या दिवशी तिचा फोन आला. "आजोबा, मी टीव्हीर दिसतलंय. थेट! बघतलास मा?"

"बघतलंय म्हणजे? डोळे फाडून बघतलंय!" असं म्हणून मी फोन ठेवला, आणि मग आठवलं की आमच्या टीव्हीवर ते चॅनल येतच नाही.

बायको म्हणाली, "वासूकडे जावा गप."

"तेच्याकडे? तेच्यापेक्षा मी समुद्रात जायन!"

"जावा. थंय टीव्ही आसा काय?"

तेवढ्यात देव पावला. तारकर्लीला एका लॉजवर कामाला असलेला माझा भाचा गजा नवा लॅपटॉप दाखवायला आला. म्हणाला, "मामानू, इंटरनेटर सगळे सामने थेट दिसतत. फुकट!"

फुकट हा शब्द ऐकला आणि मी थेट किनारा गाठला. ज्या जागी वासूला येडा म्हटलं होतं, त्याच जागी उभा राहून ओरडलो, "उद्या दुपारी सगळ्यांनी माझ्याकडे येवा! सायलीचो सामनो! छत्रीबित्री काय नको!"

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला कोणी दोरीला हात लावला की त्याला वाटा मिळतो, ही आमची रीत. त्या रीतीने अख्खी वाडी आली. म्हाताऱ्या पाट घेऊन आल्या. आणि लॅपटॉपवर चित्र निघालं तळहाताएवढं!

तेही लगेच नाही, आधी रेंजच मिळेना. गजाने इंटरनेटचं ते डोंगल लांब वायरीला लावून खिडकीत टांगलं. मी म्हटलं, "येड्या, वारो खंयसून येता तां तरी बघ!" आणि डोंगल बांबूच्या टोकाला बांधून मी स्वतः खळ्यात उभा राहिलो. वारा फिरेल तसा मी फिरत होतो. (रेंजचा वाऱ्याशी संबंध नसतो, हे गजाने मला संध्याकाळी सांगितलं. मामाचा मान राखणारा पोर.)

चित्र आलं. पण त्यावर कोणी गोऱ्या बायका येऊन उभ्या राहिल्या. गजाने एकीला घालवलं की दोघी येत.

"ह्यो कोण रे?" बायको दरडावली.

"जाहिराती, मामी. फुकट आसा मा, म्हणान येतत."

"सायली खंय आसा?"

"ह्यांच्या मागे."

शेवटी बायका गेल्या, सायली दिसली. ती बुटाची नाडी बांधत होती. मी मान ताठ करून वाडीकडे बघितलं, आणि त्याच क्षणी वासूच्या घरातून आरोळी आली, "पकडल्यान! सायलीन पकडल्यान!"

आमची सायली अजून नाडीच बांधत होती!

"गजा, ह्यां काय?"

"मामानू, आपलां जरा मागसून येता."

मागून म्हणजे किती? वासूकडे टाळ्या पडून, चहा होऊन, कप विसळून होत, मग आमच्याकडे पकड होई. मी हुकूम सोडला, "सगळ्यांनी कानात बोटां घाला!" वाडीने घातली. तशी बसलेली वाडी मी पहिल्यांदाच बघितली.

आणि मग पडद्यावर एक चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. सायली एक पाय वर उचलून तशीच.

आता आमच्याकडे नवी होडी असो की जुनं इंजिन, अडलं की देवाला गाऱ्हाणं घालायचं. मी नारळ घेतला. "बा देवा म्हाराजा! ह्या यंत्राच्या वाटेत जो कोण आडो येता तेका बाजूक कर, आणि आमच्या सायलीचो पाय खाली टेकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी कानातली बोटं काढून ओरडली.

नारळ फोडला. इंजिनावर शिंपडतो तसं पाणी त्या लॅपटॉपवर शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलंच! फुस्स आवाज झाला आणि सगळं काळं झालं. गोऱ्या बायकासुद्धा गेल्या.

गजाने लॅपटॉप उलटा करून पाणी निथळलं आणि म्हणाला, "जावंदे मामानू. खोबरां तरी वाटा." (पुढे त्या लॅपटॉपात मुंग्या झाल्या, तरी त्याने मला कधी बोल लावला नाही. असा भाचा सगळ्यांना मिळो.)

वाडी खोबरं खात खात गडगा ओलांडून गेली. बायको गेली. गजासुद्धा गेला. मी बांबू धरून उभा. एवढ्या माणसांसाठी वासूने टीव्ही घरातून उचलून खळ्यात आणला होता. तो गडग्यापाशी आला.

"तात्यानू, सायलीची शेवटची चढाई आसा. येवा."

"माका हयसून दिसता."

"काय दिसता?"

"...माड."

"राग तुमचो माझ्यावर," वासू म्हणाला, "पोरीवर कित्याक काढतास?"

पलीकडे टीव्हीवाला "सायली, सायली" करत होता. मी गडगा कधी ओलांडला ते कळलंच नाही. बांबू हातात तसाच होता.

सायलीने रेषा ओलांडली. तिघींना शिवली. तिघींनी तिला धरली, ती पडली, सरपटली, हात लांब केला, मधल्या रेषेला टेकवला आणि सामना जिंकला! मी ओरडलो, नाचलो, वासूला मिठी मारली आणि "तुझे उपकार विसरूचंय नाय" असंही म्हणून गेलो.

"उपकार रवांदे," वासू म्हणाला. "पण काय झालां तां तरी सांगा!"

"म्हणजे? तुमी बघलास नाय?"

मागे वळलो. अख्खी वाडी माना वाकड्या करून बसलेली. मी टीव्हीच्या पुढ्यात, हातभर अंतरावर उभा होतो, तोही बांबूसकट. कोणालाच काही दिसलं नव्हतं, आणि एकाही माणसाने मला "बाजूक हो" म्हटलं नव्हतं.

माझ्या नातीचा विजय मी टीव्हीवर बघितला. वाडीने तो थेट माझ्या पाठीवर बघितला.