काळ्या शेळ्यांचे कान

दवाखान्यातून नवऱ्याला घेऊन ती घरी आली, त्याला खाटेवर टेकवलं, हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि चपलाही न काढता मागच्या गोठ्यात गेली. तिथे तिची लाडकी शेळी काजळी नव्हती. काजळीच्या खुंट्याला दुसरीच एक काळी शेळी बांधलेली होती आणि जन्मापासून आपण इथेच राहतो अशा थाटात निवांत रवंथ करत होती.

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणायचे. ती कपडे शिवायची, हे त्याचं एक कारण. दुसरं तिच्या तोंडात होतं. माप चुकलेलं गिऱ्हाईकही तिच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडायचं नाही, घरी जाऊन गुपचूप उसवून घ्यायचं. नवरा मात्र गरीब गाय. सबंध घराण्याचा राग देवाने एकट्या सुनेच्या पदरात टाकलाय, असं तो हसत सांगायचा.

घरामागचा जमिनीचा तुकडा दोन्ही भावांचा मिळून होता आणि गोठाही एकच. एका अंगाला थोरल्या दिराच्या शेळ्या, दुसऱ्या अंगाला हिच्या. सगळ्या एकाच वंशाच्या, म्हणून सगळ्या काळ्याकुळकुळीत. परक्याला वेगळ्या ओळखू येणं कठीणच. पण ज्या शेळीचं दूध रोज आपल्या हाताने काढलं, ती शेळी माणूस चुकेल? काजळी गाभण होती. या शेळीचं पोट सपाट. काजळी कात्रीशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. ही कुणीही या, काहीही करा, अशी उभी.

ती तशीच दिराच्या दारात गेली. दीर बर्फाच्या कारखान्यात मुकादम होता. चार माणसांत शब्दाला वजन असलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्याने चहाचा कप खाली ठेवून सावकाशच सांगितलं, की तुम्ही दवाखान्यात असताना लांबचा एक व्यापारी आला होता, त्याला मी माझी एक शेळी दिली. तुझी आहे तिथेच आहे.

"माझी गाभण होती, भाऊजी."

"पोट पडलं असेल. जनावर आहे. तू इथे नव्हतीस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने जावेकडे पाहिलं. जाऊबाई ओट्याकडे तोंड करून घासलेलीच पातेली पुन्हा घासत होत्या.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो टाके सांभाळत कुशीवर वळला आणि म्हणाला, दादा खोटं कशाला बोलेल? सगळ्या काळ्याच तर आहेत, तुझीच गफलत होत असेल. त्या संध्याकाळी तिने मशीनवर बसून एका झग्याची शिवण अशी दामटली, की सुई मोडली. चोर चोरी करून मोकळा आणि ज्याचं गेलं त्यानेच आपल्या डोळ्यांची खात्री करून घ्यायची, हा कुठला न्याय? आणि पुरावा तरी काय दाखवणार? शेळीच्या अंगावर कुठे लिहिलंय ती कुणाची ते?

तेव्हा ते लिहायचंच, असं तिने ठरवलं.

सुरुवात घरातूनच झाली. उरलेल्या लाल कापडाचे दुहेरी शिवणीचे गळपट्टे करून तिने आपल्या शेळ्यांना बांधले. शेळ्यांना ते फार आवडले. त्यांनी एकमेकींचे पट्टे चघळून चिंध्या केल्या आणि एकीचा पट्टा गव्हाणीच्या खुंटीत अडकून तिचा जीव जाता जाता राहिला. मग शिंगांना रंग लावून पाहिला. तो शेळ्यांनी भिंतीला घासघासून भिंतीलाच दिला. दीर येता-जाता हे सगळं पाहायचा आणि काही बोलायचा नाही. त्याच्या त्या न बोलण्यानेच तिचं डोकं अधिक भडकायचं.

शेवटी ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण कामात चोख. त्यांनी टेबलावर एकेक वस्तू मांडून समजावलं. कानाला खाच पाडता येते. लांबून दिसते, जन्मभर राहते, पण कान कातरावा लागतो आणि पुढे तारेत फाटला तर खाचेचा अर्थच बदलतो. कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवता येते. ती हरवत नाही, पण वाचायला यंत्र लागतं आणि ते दर वेळी दवाखान्यातूनच आणावं लागेल. प्लास्टिकचा बिल्ला कानात मारता येतो. स्वस्त, आकडा लांबून वाचता येतो, मात्र झुडपात, जाळीत अडकून निघू शकतो. आणि चौथं म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला गोंदण. ते कुठेच जात नाही, फक्त वाचायला शेळी धरून कान उलटावा लागतो.

प्रत्येक वस्तू हातात घेऊन कात्रीने एकच प्रश्न विचारला. माणसाला हे काढता येईल का?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाकीचे लोक विचारतात, शेळीला दुखेल का."

ते आपल्या मनातही आलं नाही, याचा कात्रीला राग आला आणि तोही तिने दिराच्याच खात्यावर टाकला.

गोंदणाचा चिमटा दवाखान्यात नव्हता, मागवावा लागणार होता. तोवर बिल्ले मारून घेऊ, असं ठरलं. डॉक्टरीणबाई गोठ्यात आल्या, कानातल्या कूर्चेच्या दोन उंचवट्यांमधली मऊ जागा बोटाने चाचपली, खटकन बिल्ल्याचा चिमटा दाबला. शेळ्या ओरडल्या आणि घटकाभराने विसरूनही गेल्या. काळ्या कानांवर पिवळे बिल्ले लखलखीत दिसत होते. आता काय करतोस ते कर, असं ती मनात म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी ती चारा घेऊन गोठ्यात आली, तर तिची धाकटी शेळी कोपऱ्यात मान झाडत उभी. कान मधून चिरलेला, गालावर रक्त आणि बिल्ला गायब.

जखम पुसलेलं फडकं तसंच हातात घेऊन ती दिराच्या घरात शिरली. कारखान्यातले दोन सोबती त्याच्याकडे चहाला आले होते. तिने ते रक्ताने माखलेलं फडकं त्यांच्या बशांच्या मधोमध ठेवलं. मग जे बोलली ते साऱ्या गल्लीने ऐकलं. आधी पोटातलं करडू विकलंत, आता मुक्या जनावराचा कान फाडलात, घरात चोर असला की कुलपं कुठे लावायची, असं बरंच. सोबत्यांनी माना खाली घातल्या. दीर उठून उभा राहिला.

"हे मी केलं नाही," एवढंच तो म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणत ती बाहेर पडली. दिवसभर तिला हलकं हलकं वाटत होतं. फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी ती गव्हाण धुवायला घेऊन बसली. शेळ्या चारा तुडवून वाया घालवतात म्हणून तिने महिन्यापूर्वी गव्हाणीला जाळी बांधली होती. जाळीच्या खालच्या बाजूला तारेचं एक टोक बाहेर आलेलं होतं आणि त्या टोकाला पिवळा बिल्ला लोंबत होता, चार काळे केस आणि कातडीचा तुकडा यांच्यासकट. तार तिनेच पिळलेली होती. टोक आत वळवायचं तिच्याकडूनच राहिलं होतं.

ती तिथेच ओल्या जमिनीवर बसून राहिली. राग गेला नव्हता, पण त्याला जायला जागा राहिली नव्हती. आणि मग तिला दिराचं वाक्य आठवलं. हे मी केलं नाही. 'हे' म्हणाला तो. 'मी काही केलं नाही' असं म्हणाला नाही.

नवऱ्याला बिल्ला दाखवला. त्याने तो मुठीत दाबला आणि हळूच म्हणाला, जाऊ दे, कुणाला कळणार आहे? दादा तसाही कुणाला बोलणार नाही. हे ऐकून तिचा जो भडका उडाला, तसा तर काजळी गेली तेव्हाही उडाला नव्हता. म्हणजे मी पण गप्प बसू? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय? बिल्ला त्याच्या मुठीतून हिसकावून ती निघाली.

शब्द दोन परक्या माणसांसमोर बोलले गेले होते, तेव्हा मागे घ्यायचे तेही त्यांच्याच समोर. ती थेट बर्फाच्या कारखान्यात गेली. आत यंत्रांचा घरघराट, पायाखाली भिजलेला भुसा आणि तोंडातून वाफ निघेल असा गारठा. दीर लोखंडी आकड्याने बर्फाची लादी ओढत होता. ते दोघे सोबतीही तिथेच होते. आवाज ऐकू जावा म्हणून तिला ओरडावंच लागलं.

"बिल्ला माझ्याच तारेत अडकला होता. कानासाठी मी तुम्हाला चोर म्हटलं, ते चुकलं. ते शब्द मी परत घेते." आणि श्वास घेऊन म्हणाली, "त्या एका कानापुरतेच. माझं झालं सांगून, भाऊजी. आता तुमचं."

यंत्रं घरघरत राहिली. सोबत्यांपैकी एकाने दिराकडे पाहिलं. दीर लादीकडे बघत होता. मग आकडा पुन्हा बर्फात रोवला आणि लादी ओढत आत निघून गेला.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"ती काजळीच होती," त्या म्हणाल्या. "व्यापाऱ्याला गाभण शेळी हवी होती, आमच्या सगळ्या रिकाम्या होत्या. हे म्हणाले, काळ्यात काळी कुणाला कळतेय. दावं मीच सोडून दिलं. माझ्याबरोबर ती येईना, तेव्हा तुझी जुनी ओढणी अंगावर घेतली."

कात्रीच्या हातात कापड होतं. ते तिने घडी घालून बाजूला ठेवलं. ओढणीच्या वासाने फसून चाललेली काजळी तिला डोळ्यांसमोर दिसली आणि तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच. खाटेवरून नवरा म्हणाला, वहिनी, तुम्हीसुद्धा? भावाविरुद्ध तो आयुष्यात पहिल्यांदाच एवढं बोलला होता.

व्यापारी कुठला कोण, पत्ता नव्हता. काजळी परत येणार नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, आमच्या दोन आता गाभण आहेत, त्यातली हवी ती घे. त्यांना वाटलं असावं, ही बाणेदारपणे नको म्हणेल. कात्री साधू नव्हती. तिने चांगली कास बघून घेतली. आणि वर एक अट घातली. चिमटा आला की दोन्ही घरच्या सगळ्या शेळ्या गोंदायच्या, आणि तुमच्या शेळ्या भाऊजींनी स्वतः धरायच्या.

चिमटा आला. डॉक्टरीणबाईंनी त्यात बसवलेली त्या-त्या घराची अक्षरं उलटी लागली नाहीत ना, हे आधी पुठ्ठ्यावर दाबून पाहिलं. काळ्या कानात काळी शाई दिसणार नाही म्हणून हिरवी आणली होती. कान स्वच्छ पुसायचा, चिमटा दाबायचा, मग जुन्या दात घासायच्या ब्रशाने शाई टोचलेल्या जागी चोळायची. चोळायचं काम कात्रीने मागून घेतलं. या वेळी पहिल्याच शेळीआधी तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, किती दुखेल हिला, आणि थोडंच, हे ऐकून घेतलं होतं.

तिच्या शेळ्या नवऱ्याने धरल्या. मग दीर आला. सदऱ्याच्या बाह्या दुमडून खाली बसला आणि एकेक शेळी मांड्यांत घेऊ लागला. शाई चोळताना तिचा हात त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असायचा आणि तो दुसरीकडे बघायचा. शेवटच्या शेळीने चिमटा बसताच अशी किंकाळी फोडली, की त्याने डोळे घट्ट मिटले. त्याची पकड सैल झाली, शेळीने डोकं झाडलं आणि हिरवी शाई त्याच्या गालावर, पांढऱ्या सदऱ्यावर उडाली.

कात्रीने ब्रश पुन्हा शाईत बुडवला. पोटातला राग जागच्या जागी होता, तसूभरही हललेला नव्हता.

"मान नीट धरा, भाऊजी," ती म्हणाली. "अजून एका अक्षरात शाई चोळायची राहिलीय."

त्याने गाल खांद्याला पुसला आणि दोन्ही हातांनी मान धरली.